मावशीआजीचा आवाज गेलेला नाही

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, माझ्या हळदीला मावशीआजी धवले म्हणेल ना?" मी सांगितलं, तिचा आवाज आता गेलाय, वय झालं, तिला त्रास द्यायला नको. ते खोटं होतं. तिचा आवाज गेलेला नाही. बोलताना मी मसाल्याच्या डब्यांवरची लेबलं सरळ करत होते, म्हणजे मला तुझ्याकडे बघावं लागत नव्हतं.

त्यावर मी आणखी एक गोष्ट केली. म्हटलं, माझ्याकडे जुनी वही आहे, त्यात सगळे धवले लिहिलेले आहेत, मीच म्हणेन. तू म्हणालीस, "हो आजी, नक्की." पाहुण्यांशी बोलावं तसं तू ते बोललीस. तो सूर मला लहानपणापासून ओळखीचा आहे. म्हणून हे लिहायला बसले. तुझ्या भावालाही वाचायला दे. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा.

आधी धवल्याचं सांगते, कारण तुम्ही तो फक्त फोनवर ऐकला आहे. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून पुढचे विधी एक बाई गाऊन करते. ती धवलारीण. तांदळाच्या पिठाचा चौक ती घालते, नवरीला पाटावर ती बसवते, आणि गाण्यातून देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना मांडवात बोलावते. इतर गावांत कसं करतात मला ठाऊक नाही. माझ्या आईची रीत अशी होती की गेलेल्या बायकांना पहिलं बोलावणं, नाव घेऊन. पुरुष नंतर. आई म्हणायची, पुरुषांची नावं सातबाऱ्यावर असतात, बायांना कोण हाक मारणार.

आई धवलारीण होती. तिच्यानंतर माझी थोरली बहीण झाली, म्हणजे तुमची मावशीआजी. मी झाले नाही.

आमचं घर जासईच्या अलीकडे, खाडीच्या कडेला होतं. आज तिथे कंटेनरचे ढीग आहेत. तेव्हा पावसाळ्यात भात आणि नंतर मिठागर. मुंबईला माझा मामा होता. त्याला मूल नव्हतं. तो एकदा आला आणि आईला म्हणाला, दोघींपैकी एक मला दे, इंग्रजी शाळेत घालतो. मी आठ वर्षांची होते, बहीण अकराची. आई चुलीपुढे बसली होती. तिने फार वेळ घेतला नाही. म्हणाली, "धाकटी ने. थोरली माज्या हाताखाली हाय."

आजवर सगळ्यांनी मला सांगितलं की मी नशीब काढलं. तुमचे बाबाही तेच म्हणतात. मला मात्र त्या वाक्यातून एकच कळलं होतं. जी उपयोगाची होती तिला आईनं ठेवलं, आणि जिच्यावाचून चालत होतं तिला दिलं.

मामाकडे मला काही कमी नव्हतं, हे नीट लक्षात ठेवा. लोखंडी पलंग, पांढरे मोजे, सिस्टरांच्या शाळेत सुंदर अक्षर. वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय मला तिथेच लागली. पण मे महिन्यात घरी गेले की आई मला पाट द्यायची, आणि घरात एकच पितळेची ताटली होती ती माझ्यापुढे यायची. बहीण जमिनीवर बसून ॲल्युमिनियमच्या थाळीत जेवायची. आई तिला दिवसभर ओरडायची. "गो रांडंच्या, पानी उतू गेलं, डोलं फुटलं काय तुजं?" बहीण हसायची, आणि थोड्या वेळानं दोघी एकमेकींच्या डोक्याला तेल लावत बसायच्या. मला आई कधी ओरडली नाही. माझ्या हातून मडकं फुटलं तरी म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाय, तू बस." मी त्या 'तू बस'ला इतकी कंटाळले होते की एकदा मुद्दाम दुसरं मडकं फोडलं. तिने तुकडे गोळा केले आणि मला विचारलं, हाताला लागलं तर नाही ना.

दुपारी त्या दोघी मिठागरावर जायच्या. डोक्यावर टोपली, पुढे आई, मागे बहीण, आणि आई चालता चालता एक ओळ म्हणायची, बहीण ती मागून म्हणायची. शिकवणं म्हणून वेगळं काही नव्हतं. मी ओटीवर बसून बघायचे. उन्हात पाय भाजतील म्हणून मला न्यायचे नाहीत.

मग मी ठरवलं की मीही शिकणार, माझ्या पद्धतीनं. तेरा वर्षांची होते. शेजारच्या आळीत लग्न होतं आणि आई तिथे धवलारीण होती. मी रेघांची वही आणि पेन्सिल घेऊन मांडवात कोपऱ्यात बसले आणि आई म्हणेल ते ते उतरवलं. रात्री शाईनं पक्कं केलं. कडव्यांना आकडे घातले, लाल रेघेनं समास आखला. बहिणीला दाखवलं, तर ती समासावरून बोट फिरवत म्हणाली, "लय सुंदर दिसतं गो. वाचून दाव." मी वाचून दाखवलं. ती हसली नाही, उलट दोन ठिकाणी तिला आठवत नव्हतं तिथे मान डोलावली. मला वाटलं, झालं, आता मी तिच्या पुढे गेले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या लांबच्या चुलत्यांच्या मुलीचं लग्न आलं. सलग तीन लग्नं करून आईचा घसा बसला होता. बोलावण्याच्या वेळी मी पुढे झाले. म्हटलं, आई, हे मी म्हणते, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि, तिचं काय चुकलं कोण जाणे, होकाराची मान हलवली.

मी वही उघडली आणि खणखणीत आवाजात म्हणायला लागले. पहिल्या दोन ओळी बायकांना आवडल्या. मग मी नावं म्हणाले. एक, दोन, तीन. चौथ्या नावाला मांडवात कोणी बांगडीसुद्धा वाजवत नव्हतं.

ती नावं शेजारच्या आळीतल्या त्या लग्नघरच्या मेलेल्या बायकांची होती. मी गाणं उतरवलं तेव्हा नावांसकट उतरवलं. दर मांडवाला नावं त्या त्या घरची घालायची असतात, हे शाळेची पायरीही न चढलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. ते वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण ते कोणी मोठ्यानं म्हणत नाही. आणि त्या घराशी चुलत्यांचं बांधावरून भांडण होतं, पाणीसुद्धा घेत नव्हते. नवरीची आजी उठून उभी राहिली. "त्या घरच्या माज्या मांडवान कशाला आल्या? कोनी बोलावल्या?"

मी वहीत बघत राहिले. खरंच, अजूनही मी पुढची ओळ शोधत होते.

आईनं बसलेल्या घशानं सावरलं. तिने त्या चार बायकांना गाण्यातच म्हटलं, आलात ते बरं केलंत, तेल घ्या, अक्षता घ्या, तुमच्या लेकी वाट बघतात, आता आपल्या घरी जा. तिने ते तिथल्या तिथे रचलं. मग तिचा आवाज पूर्ण बंद झाला. आणि तिच्या मागे बसलेल्या बहिणीनं, कोणी सांगितलं नाही तरी, चुलत्यांच्या घरच्या बायकांची नावं घ्यायला सुरुवात केली. सात नावं. एकही चुकलं नाही. सातव्या नावाला नवरीची आजी रडायला लागली, कारण ते तिच्या सासूचं होतं आणि ते तिने कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

बहीण पहिल्यांदा पुढे होऊन गायली ती त्या दिवशी. तिला ती जागा मी दिली, माझ्या चुकीनं. हे मी कधी विसरले नाही.

घरी येताना आई हळू आवाजात म्हणाली, "तुजी शाला बरी हाय बाय. मांडव हिचा." रागावली असती तर मी पाय धरले असते. पण ती रागावलीच नाही. वही मी ट्रंकेच्या तळाशी घातली, आणि त्यानंतर कुठल्याही मांडवात मी तोंड उघडलं नाही. माझ्या स्वतःच्या हळदीलाही बहीणच गायली. आई बाजूला बसून तिच्याकडे बघत होती. नवरी मी होते, पण आई तिच्याकडे बघत होती.

आता कोणी म्हणेल, त्या बिचारीच्या आयुष्याचा हेवा कसला? मी ते गोड करून सांगत नाही. सतराव्या वर्षी तिचं जासईत लग्न झालं. सासूला सून म्हणजे मिठागरावरचा आणखी एक माणूस हवा होता. पहाटे पाणी, मग भाकऱ्या, मग आगर, संध्याकाळी पुन्हा चूल. बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी ती भाताच्या आवणीला चिखलात उभी होती. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या पडायच्या, त्यावर ती हळद दाबून परत जायची. गावात मोठ्या बायकांसाठी अक्षरवर्ग निघाला तेव्हा तिला जायचं होतं. सासू म्हणाली, धवलारनीला अक्षरं कशाला? ती गेली नाही. आजही अंगठा देते. मी तेव्हा नेरूळच्या शाळेत मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवत होते, आणि माझ्या साड्यांना कपाटात रंगाप्रमाणे जागा होत्या.

तरीही आई आजारी पडली तेव्हा ती माझ्या ब्लॉकमध्ये राहिली नाही. दोन दिवसांत म्हणाली, मला थोरलीकडे सोडा. मी तिच्यासाठी वेगळी खोली केली होती, खिडकीजवळ पलंग, औषधांचं वेळापत्रक भिंतीला लावलेलं. ती बहिणीच्या ओटीवर गोधडीवर जाऊन निजली आणि तिथेच गेली.

एकदा, आईनंतर, मी बहिणीला विचारलं, "तुला कधी वाटलं नाही का, मामानं तुला न्यायला हवं होतं?" मला वाटत होतं ती हो म्हणेल. साठ वर्षांत मला फक्त तेवढंच हवं होतं. ती सुकट निवडत होती. म्हणाली, "मना नेली असती तर आयजवल कोन ऱ्हायला असता?" आणि सुपातला खडा काढून टाकला. तिला माझा हेवा कधी वाटलाच नाही. याच्याइतकं मला दुसरं काही लागलेलं नाही.

म्हणून जेव्हा तू माझं नाव न घेता तिचं घेतलंस, तेव्हा मी खोटं बोलले.

पुढचं तुला अर्धंच ठाऊक आहे. तू मायेची आहेस, म्हणून तू तिच्या सुनेला मेसेज पाठवलास की मावशीआजीच्या घशाला काय झालं, मध आणि ज्येष्ठमध द्या, गरम पाण्याची वाफ द्या. सुनेनं ते तिला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आमच्या सोसायटीच्या गेटवर रिक्षा थांबली. वॉचमननं इंटरकॉमवर सांगितलं, गावाकडच्या एक आजी आल्यात, पिशवीला वास येतोय.

ती आत आली, सुक्या मासळीची, वाकट्यांची, पिशवी ओट्यावर ठेवली, सोफ्यावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, "माजा आवाज गेला म्हनं. कवा गेला? मनाच ठाव नाय."

मी म्हटलं, "चहा ठेवते."

"ठेव. साखर घाल. घसा गेलाय माजा."

मी गॅसपाशी उभी राहिले. चहा उकळून वर आला तरी मला बंद करायचं सुचेना. मागून ती म्हणाली, "उतू जाईल गो." मग चहा घेताना तिने मला काही विचारलं नाही. भांडली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती, अगदी मुद्देसूद. ती एवढंच म्हणाली, "पोरीच्या नवऱ्याच्या घरच्या बायांची नावं पायजेत. ती लोकं तेलुगू. मी कोनाला इचारू? तुजं इंग्रजी काढ आता."

तेव्हा मी तुझ्या होणाऱ्या सासूबाईंना फोन केला होता, तो यासाठी. तुला वाटलं मी मानपानाचं बोलले. त्यांना स्वतःच्या आजेसासूचं नाव माहीत नव्हतं. त्यांनी त्यांच्या सासूबाईंना विचारलं, त्यांनी राजमंड्रीला कुणा आत्याला विचारलं. दोन दिवस लागले. आमच्या बाजूचं काम सोपं असेल असं मला वाटलं, कारण तुझ्या आजोबांच्या घराण्याची वंशावळ मी स्वतः फाईलमध्ये लावून ठेवली आहे, सहा पिढ्या, पट्टीनं रेघा मारून. फाईल उघडली आणि बहिणीला वाचून दाखवू लागले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "यान बाया कुठं हायत?"

नव्हत्या. सहा पिढ्यांत एकही बाई नव्हती. मी स्वतःसुद्धा नव्हते. ते काम मी केलं होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

माझ्या आजेसासूचं नाव बहिणीनं सांगितलं. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात तिने ते घेतलं होतं, तेव्हापासून तिच्या तोंडात आहे. तिच्या आधीच्या दोघींचीही. ज्या घरात मी पन्नास वर्षं राहिले तिथल्या बायका तिला माहीत होत्या आणि मला नव्हत्या. मी नावं लिहून घेतली.

त्यानंतर ती दर मंगळवारी येते. सकाळी रिक्षानं, दुपारी जेवून परत. आम्ही स्वयंपाकघरात मोड आलेले वाल सोलतो आणि ती नावं घोळवते. तुझ्या नवऱ्याच्या पणजीचं नाव तिला जमत नव्हतं. शेवटी 'अम्मा' येतं, ते तिला आवडायचं, पण आधीची चार अक्षरं ती दर वेळी वेगळ्या क्रमानं म्हणायची. मी चूक दाखवली की ती परत म्हणायची, परत चुकायची. मला त्यात आनंद होत होता, हे लिहून ठेवते. तिसऱ्या मंगळवारी तिने ते बरोबर म्हटलं, चालीत, न अडखळता, आणि माझ्या हातातला वाल तसाच राहिला. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवूनही मला ते नाव नीट म्हणता येत नव्हतं. मी कागदात बघून दुरुस्त करत होते.

त्याच दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. लांब ओळीच्या शेवटी तिचा दम पुरत नाही. आवाज आहे तसाच आहे, तांब्याच्या भांड्यासारखा. पण ओळ संपायच्या आधी ती थांबते, छातीवर हात ठेवते, आणि उरलेली दोन अक्षरं गिळते. मी ते ऐकलं आणि मान खाली घातली. माझं खोटं जणू खरं होऊन तिच्या घरी जाऊन बसलं होतं.

ती म्हणाली, "पाठीला कोनतरी पायजे. मी आयच्या पाठीला होती तशी. सुनेला येत नाय, तिचा सगला जीव टीव्हीन. तू बस."

'तू बस.' आयुष्यभर त्या शब्दांनी मला बाजूला ठेवलं होतं.

मी म्हटलं, "आई म्हणाली होती, मांडव तुझा."

"हाय ना माजा," ती म्हणाली. "म्हनून मी सांगतंय, बस."

मी ट्रंकेतून वही काढून आणली. तिने ती हातात घेतली, लाल समासावरून बोट फिरवलं, जसं साठ वर्षांपूर्वी फिरवलं होतं. "लय सुंदर," म्हणाली, आणि वही पाठीशी घेतलेल्या उशीखाली घालून त्या उशीला टेकून बसली. "हां. आता म्हन."

तेव्हा तुला खरं सांगायचं ते एवढंच. तुझी हळद सानपाड्याच्या हॉलमध्ये आहे, धवले मावशीआजी म्हणणार आहे आणि मी तिच्या पाठीला असेन. वही घरी राहील. तुला पाटावर बसवतील, अंगाला हळद लागेल, आणि तुला दोन आवाज ऐकू येतील. जो पुढे जातो आणि ज्याच्याकडे सगळ्या बायका वळून बघतील, तो तिचा. जो किंचित उशिरा येतो, ओळीच्या शेवटची दोन अक्षरं उचलतो आणि जरा शाळेत शिकवल्यासारखा वाटतो, तो माझा. मी दर मंगळवारी प्रयत्न करते, तो अजूनही आईसारखा लागत नाही. तिचा लागतो. कधी कधी डोळे मिटले तर आईच वाटते, आणि मग मला डोळे उघडावे लागतात.

कार्यक्रम झाला की तू आधी तिच्या पाया पडशील. ते बरोबरच आहे, तसंच कर. मग माझ्याकडे ये. तिचं कौतुक तिच्यापुढे कर, माझ्यापुढे थोडं कमी कर. आणि 'हो आजी, नक्की' असं मला म्हणू नकोस. माझा सूर चुकला असेल तर तसं सरळ सांग, ओरडून सांगितलंस तरी चालेल.